उलटी ती उलटी

“या जहाजावर एक वेळ देवमासा चढेल, पण पोटाचा जंतू चढणार नाही. माझा शब्द आहे!” साबणसाहेबांनी माइकवरून छातीठोकपणे सांगितलं आणि पुढच्या रांगेतल्या भिंगरीने त्यांच्या बुटांवर उलटी केली.

भिंगरी सहा वर्षांची. जहाजावर पाय ठेवल्यापासून ती वरच्या डेकवरच्या फिरत्या झोपाळ्यात बसली होती आणि स्वागत समारंभासाठी तिला तिथून अक्षरशः सोलून काढावं लागलं होतं. जहाज अजून धक्क्याला बांधलेलंच होतं, त्यामुळे समुद्राच्या नावावर खपवायचीही सोय नव्हती.

“अगं बाई!” म्हणत तिची आई रुमाल घेऊन बूट पुसायला वाकली.

“हात लावू नका!” साबणसाहेब माइकवरच ओरडले. सगळ्या सभागृहाने हात वर केले.

साबणसाहेब म्हणजे जहाजाचे स्वच्छता अधिकारी. खरं नाव फक्त पगाराच्या वेळी लागायचं. जहाज होतं सहकुटुंब सहलीचं, म्हणजे आजोबांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळी घरं घरासकट आलेली. अशा जहाजावर एकाचं पोट बिघडलं, त्याने न धुतल्या हाताने एक कठडा धरला, की संध्याकाळपर्यंत निम्मं जहाज संडासाच्या रांगेत उभं. साबणसाहेबांनी हे दुसऱ्या एका जहाजावर बघितलं होतं. तेव्हापासून त्यांचा कशावरच विश्वास नव्हता, फक्त साबणावर होता. “ते बाटलीतलं चोळून हा जंतू मरत नाही. तो हसतो. साबण, वाहतं पाणी आणि घासणं!” असं ते रोज दहा जणांना तरी ऐकवत.

घासायचं किती, तर हात धुण्याचं एक गाणं त्यांनी स्वतः रचलं होतं, ते दोनदा म्हणून होईपर्यंत. गाण्यात अंगठ्याचं एक कडवं होतं. जेवणघराबाहेर म्हातारेकोतारे, नवी जोडपी, सगळे ओळीने उभे राहून “अंगठ्या, अंगठ्या, तू का लपला” म्हणायचे, आणि सूप तोवर गार व्हायचं. बुफेतले चिमटे त्यांनी कुलपात टाकले होते. शंभर जणांनी धरलेला चिमटा म्हणजे शंभर जणांशी हात मिळवणं. आता प्रवाशाने लांबून बोट दाखवायचं आणि वाढप्याने वाढायचं. पहिल्याच जेवणाला एका आजोबांनी बोट दाखवलं पुडिंगकडे, हात होता थरथरता, आणि ताटात आलं शोभेसाठी ठेवलेलं टरबुजाचं बदक. आजोबांनी ते तक्रार न करता खाल्लं. कप्तानांना दारात उभं राहून प्रत्येकाशी हस्तांदोलन करायची भारी हौस. त्यांना कोपराला कोपर लावायला सांगितलं होतं. त्यांचं उजवं कोपर दुसऱ्या दिवशी पट्टीत होतं.

पण हे झालं नंतरचं. आत्ता साबणसाहेब बुटांकडे बघत होते.

“साहेब, ती गोल फिरली म्हणून झालं हो,” आई म्हणाली. “पोटाचं काही नाही.”

“बाई, गोल फिरून असो, चौकोनी फिरून असो, उलटी ती उलटी,” साबणसाहेब म्हणाले. “आपण कारण विचारत नाही. लहान मूल असो की आजोबा, दोन दिवस केबिनमध्ये, मूल असेल तर सोबत एक माणूस. दारावर पाटी. जेवण दाराशी.”

“अरे देवा,” आई म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघाली. या बाईंना बावीस जणांचं अख्खं कुटुंब ‘थोरली’ म्हणायचं, कारण त्या घरच्या थोरल्या सून. त्या दारातून बाहेर पडेपर्यंत मागून तीन हाका आल्या. सासऱ्यांचा चष्मा सापडत नव्हता, दिराला सनक्रीम हवं होतं, आणि नवऱ्याला काय हवं होतं ते दार बंद झाल्यामुळे कळलं नाही.

या सगळ्यात साबणसाहेबांचा स्वतःचाही जीव अडकला होता. शेवटून दुसरं बंदर त्यांच्या गावचं. जहाज निरोगी असलं, की तिथे प्रवासी फिरायला उतरतात आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना दुपारभर जहाजावर यायची मुभा मिळते. पण आजाऱ्यांचा आकडा वीसवर गेला, की बंदरवाले पिवळा शेरा मारतात. मग कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही, जहाजाने पाणी भरून पुढे चालू लागायचं. साबणसाहेबांना नात झाली होती. ती चार महिन्यांची झाली तरी त्यांनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. आणि तेही अर्धंच. कारण प्रत्येक वेळी अर्ध्या पडद्यावर विहीणबाईंचा कान असायचा. विहीणबाई म्हणजे मुलीच्या सासूबाई. त्या फोन कानाला लावूनच बोलत, मग त्यात चित्र असो वा नसो. बोलणं मात्र संपत नसे. बाळ रडलं तरी ते पार्श्वसंगीतासारखं मागे राहायचं.

तर पूर्ण नात बघायची, हा साबणसाहेबांचा या सफरीतला एकमेव हेतू.

दोन दिवस आकडा एकवरच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी आणि थोरली बाहेर आल्या, आणि आकडा शून्यावर आला. साबणसाहेबांनी आनंदाने ते गाणं तीनदा म्हटलं. इथेच त्यांचं चुकलं. त्यांनी भिंगरीकडे बघितलं, थोरलीकडे बघितलंच नाही.

थोरलीकडे बघितलं ते तलावाकाठी बसलेल्या बायकांनी.

“काय गं, तुझा चेहरा कसला आलाय!” धाकटी जाऊ म्हणाली. “आत काय लावत होतीस?”

“काही नाही,” थोरली म्हणाली. “दोन दिवस मला कुणी हाक मारली नाही.”

खुर्च्यांवरच्या पाच-सहा माना तिच्याकडे वळल्या. त्यातल्या निम्म्या ओळखीच्याही नव्हत्या.

“म्हणजे?”

“म्हणजे भिंगरी झोपली, उठली, कार्टून बघितलं, परत झोपली. मी पण झोपले. दुपारी झोपले, गं. दुपारी! दारावर पाटी होती ना. ह्यांनी एकदा वाजवलं दार, माझा चार्जर कुठाय म्हणून. तर बाहेरच्या सफाईवाल्याने त्यांनाच डोक्यापासून पायापर्यंत फवारलं.”

“फवारलं?” धाकटी पुढे सरकली.

“आणि जेवण?” पलीकडच्या एका अनोळखी बाईंनी विचारलं.

“दाराशी ठेवतात, टकटक करतात आणि पळून जातात. भांडी पण तेच नेतात.”

मग त्या अनोळखी बाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “मला जरा मळमळल्यासारखं होतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याबाहेर रांग होती. जहाजाच्या डॉक्टरीणबाई मुरलेल्या, बोलणं कोरडं. त्यांनी पहिलीला आत घेतलं.

“काय होतंय?”

“उलटी.”

“कधी झाली?”

“पहाटे.”

“किती?”

“पुरेशी.”

“आता कसं वाटतंय?”

“एकटं राहावंसं वाटतंय.”

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली. घड्याळ लावावं अशी चालली होती. पण उलटी ती उलटी. दुपारपर्यंत चौदा केबिनींच्या दारांवर पाट्या लागल्या.

साबणसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कठडे धुतले, लिफ्टची बटणं धुतली, दारांच्या मुठी धुतल्या, पियानो धुतला. पियानो त्यानंतर वाजला नाही. मग ते स्वयंपाकघरात घुसले आणि आचाऱ्यावर असे काही कडाडले, की बिचाऱ्याने धसका घेऊन सूपचा पालासुद्धा साबणाने धुतला. रात्रीच्या जेवणाला सूपला फेस आला. वाढप्याने डाव हलवला तसे बुडबुडे निघाले आणि जेवणघरभर तरंगले. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि अजून सूप मागितलं. तोंडाला मात्र कुणीच लावलं नाही, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. कप्तानांनी डाव्या कोपराने एक बुडबुडा फोडला.

“डॉक्टरीणबाई, सतरा!” साबणसाहेब दवाखान्यात येऊन धपकन बसले. “परवा माझं बंदर. अहो, कुठून येतोय हा जंतू?”

“साहेब, मी वीस वर्षं पोटं बघतेय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हा फक्त बायकांना होतोय. त्यातही जिच्याबरोबर माणसं जास्त, तिला आधी. जी एकटी फिरायला आलीय ती ठणठणीत.”

“असा कुठला जंतू असतो?”

“दोन पायांचा. मोजे शोधत येतो.”

साबणसाहेबांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि लगेच उठून तो हात धुतला.

“म्हणजे ढोंग! मग तसं सांगा ना त्यांना!”

“मी कशाला सांगू? तुम्हीच म्हणालात, कारण विचारायचं नाही. आणि एखादीला खरंच असेल तर? हाकलून देऊ तिला बुफेत?”

हे साबणसाहेबांनाही पटलं, म्हणून त्यांना आणखीनच राग आला. त्यांनी ठरवलं, की बंद केबिनीतला मुक्काम नकोसा करून सोडायचा. आधी जेवण बदललं. उकडलेला बटाटा आणि कोरडा ब्रेड. आतून निरोप आला, ‘छान आहे. काय करू म्हणून कुणी विचारलं नाही, हेच खूप.’ मग टीव्ही बंद केले. आतून निरोप आला, ‘आभारी आहोत, आवाज येतच होता जरा.’ मग त्यांनी कॉरिडॉर इतक्या उग्र औषधाने पुसून घेतला, की तिकडे फिरकणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागावी. त्यामुळे नवरेमंडळी दाराजवळ यायचीही बंद झाली आणि आतल्या शांततेत जी थोडी कसर होती तीही भरून निघाली.

बाहेर मात्र हाहाकार. दुसऱ्या दिवशी जहाजभर पुरुष एकाच पायात मोजा घालून हिंडत होते. एकाने पोराला उलटं जाकीट घातलं होतं आणि पोर हात शोधत होतं. थोरलीचा नवरा वाढप्याला विचारत होता, “मला कॉफीत साखर किती लागते, माहितीय का तुम्हाला?” थोरली बाहेरच होती, कारण एकदा आत राहून आलेल्याला लगेच काही होत नाही असं डॉक्टरीणबाईंनी तिला डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं. पण ती आता तीन आजारी जावा-नणंदांच्या घरादाराचं बघत होती आणि दिवसभरात तिला बसायला मिळालं नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात तिच्या सासूबाई आल्या. आकडा तेव्हा एकोणीस होता.

“मला उलटी झाली,” सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या.

“कधी, आजी?”

“आता होईल. तू नाव घालून ठेव.”

साबणसाहेब कोपऱ्यातच उभे होते. वीस! त्यांच्या डोळ्यांसमोर विहीणबाईंचा कान आला. ते तिथून जे सुटले ते थेट लाउडस्पीकरच्या खोलीत.

“सर्व प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं,” जहाजभर त्यांचा आवाज घुमला. “आत्तापासून नवा नियम. ज्याला उलटी झालीय किंवा होईल, त्याच्यासकट त्याचं सगळं कुटुंब एकाच केबिनमध्ये बंद. नवरा, मुलं, सासू, सासरे, दीर, सगळे. दार उघडायचं नाही. सवलत कुणालाही नाही. अगदी मलासुद्धा नाही!”

लाउडस्पीकर बंद झाला. मग पहिल्या मजल्यावरचं एक दार उघडलं. मग दुसरं. मग धडाधड एकामागोमाग एक. बायका बॅगा सावरत बाहेर येत होत्या, कुणाला एकदम भूक लागली होती, कुणाला हलकं हलकं वाटत होतं. दवाखान्यात सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “राहू दे गं, नाही होत आता,” आणि चालत्या झाल्या.

“वीस वर्षांत इतका रामबाण उपाय बघितला नव्हता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आकडा शून्यावर आला होता आणि साबणसाहेब खुशीत होते. ते आपल्या खोलीत फोन पुढ्यात घेऊन नातीचा फोटो बघत बसले, तेवढ्यात थोरली दार वाजवून आत आली.

“साहेब, हात धुऊन आलेय.”

“अंगठे?”

“दोन्ही.” तिने फोनकडे मान वळवली. “नात वाटतं? गोड आहे. पण हा कान कुणाचा?”

“विहीणबाईंचा,” साबणसाहेब म्हणाले. “तो असतोच. उद्या पूर्ण बघणार आहे मी. तुम्हा बायकांनी जवळजवळ घालवलंच होतं.”

थोरली समोर बसली. “साहेब, खरं सांगू? आजारी कुणालाच पडायचं नव्हतं हो. त्या दाराची ओढ होती. आम्ही फिरायला आलो म्हणजे काय, घरातलीच माणसं, घरातलेच मोजे, फक्त खिडकीत समुद्र. आम्हाला एक खोली द्या. आतून कडी असलेली. आळीपाळीने बसू.”

“छे! अशी खोली नियमात कुठे बसते?”

“बघा बाई,” थोरली शांतपणे म्हणाली. “नाहीतर उद्या सकाळी मी भिंगरीला परत झोपाळ्यात बसवते. तिला चुलत-आते भावंडं आहेत, आठ. शिवाय तिने जहाजावर मैत्रिणी केल्यात, त्या वेगळ्या. पोटभर नाश्ता करूनच बसतील सगळी.”

साबणसाहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. नवे होते.

थोड्याच वेळात पत्त्यांच्या रिकाम्या खोलीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली. ‘पोट निरीक्षण कक्ष. संशयितांशिवाय कुणी आत येऊ नये.’ संशयित म्हणजे आजारी नव्हे, त्यामुळे आकडा शून्यच राहिला. पाटी वाचून पुरुष लांबूनच वळसा घालून जात. एकाने धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, “आत नेमकं करतात काय हो त्यांचं?”

“निरीक्षण,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःही आत जाऊन कडी लावून घेतली.

आत काहीच चाललं नव्हतं. एक जण खिडकीतून पाणी बघत होती. धाकटी जाऊ एकच बिस्कीट फार हळूहळू खात होती. थोरलीने पाय वर घेतले होते आणि शेजारच्या खुर्चीत सासूबाई घोरत होत्या. मध्येच सासूबाईंना जाग आली. त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेने त्यांच्याकडे.

“थोरले, यांचा चष्मा सापडला का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“माहीत नाही.”

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

बाहेर सासऱ्यांना चष्मा सापडला होता. तो डोक्यावरच होता. शोधायला कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी डोकं खाजवलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. आपल्याला कॉफीत साखर दोन चमचे लागते हा शोध थोरलीच्या नवऱ्यालाही त्या दिवशी लागला.

सकाळी बंदरवाल्यांनी आकडा विचारला. साबणसाहेबांनी ‘शून्य’ अशा ऐटीत सांगितलं, की पलीकडच्याला वाटलं हे काहीतरी बक्षीस जाहीर करताहेत. हिरवा शेरा मिळाला. प्रवासी खाली उतरले आणि साबणसाहेबांच्या घरची माणसं शिडी चढून वर आली. पुढे विहीणबाई, बोलतच. त्यांच्यामागे बायको, मुलगी, जावई. कप्तान स्वागताला डावं कोपर पुढे करून उभे होते. विहीणबाईंनी त्यात हात अडकवला आणि त्यांना दहा पावलं आपल्याबरोबर चालवत नेलं. डॉक्टरीणबाई मुद्दाम वर आल्या होत्या. थोरली भिंगरीला घेऊन कठड्याजवळ उभी होती, तिलाही ती नात पूर्ण बघायची होती.

साबणसाहेबांनी हात धुतले. गाणं दोनदा म्हटलं, अंगठ्याचं कडवं चारदा. पांढराशुभ्र गणवेश सारखा केला आणि बाळाला हातात घेतलं.

पूर्ण नात. दोन डोळे, एक नाक, आणि दोन्ही कान तिचे स्वतःचे. ती त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग हसली. विहीणबाईसुद्धा गप्प झाल्या. मग बाळाने तोंड उघडलं आणि साबणसाहेबांच्या गणवेशावर, कॉलरपासून तिसऱ्या बटणापर्यंत, भडाभडा दूध ओकलं.

“अहो, गुळणी आहे ती!” विहीणबाई म्हणाल्या. “सगळीच बाळं काढतात. आमचा हा तर लहानपणी...”

“उलटी ती उलटी,” भिंगरी खणखणीत आवाजात म्हणाली. “कारण विचारत नाही आपण.”

थोरलीने तिच्या तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाई समुद्राकडे बघायला लागल्या. कप्तानांनी साबणसाहेबांकडे बघितलं. साबणसाहेबांनी नातीकडे बघितलं. ती अजून हसत होती. मग त्यांनी कमरेचा वॉकीटॉकी काढला.

नियमाप्रमाणे साबणसाहेब, त्यांची बायको, मुलगी, जावई, विहीणबाई आणि बाळ या सगळ्यांना एकाच केबिनमध्ये दोन दिवस बंद करण्यात आलं, दारावर पाटी लावण्यात आली, आणि जहाज ठरल्या वेळी सुटलं.